चकाजवळची वीतभर जागा

जुना लेथ बघायला रिकाम्या पोटी जाऊ नये, असं आबा म्हणायचे. भुकेला माणूस बाजारात घाई करतो, मग ती वांगी असोत की मशीन. दुसरा नियम असा, की दारात पोचल्यावर मशीनकडं बघायचंच नाही. आधी मालकाचा चहा प्यायचा, मशीनवर कोण उभं राहत होतं ते विचारायचं, आणि मग मशीनच्या पायाशी जमीन बघायची. मशीनला रंग देता येतो, जमिनीला कोण देत बसतंय? आबा म्हणजे माझे वडील. निपाणीत आमच्या घराला लागून असलेल्या खोलीत त्यांचा एकच लेथ होता. त्या एका लेथवर त्यांनी तीस वर्षं लोखंड सोललं आणि त्यावर आमचं घर चाललं.

परवा संकेश्वरला निघालो तेव्हा मी पहिला नियम पाळला. दोन भाकरी आणि पिठलं खाऊन निघालो. हातात कापडी पिशवी, पिशवीत मायक्रोमीटर आणि डायल गेज. डायल गेज म्हणजे दिसायला एक छोटं घड्याळच, पण ते वेळ दाखवत नाही. मशीनमध्ये केसाएवढा जरी उणाअधिक भाग असला तरी त्याची सुई हलते आणि चुगली करते. आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं मी मुलांना टर्नरचं काम, म्हणजे लेथवर लोखंडाचे नग, आमच्या भाषेत जॉब, उतरवणं शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं या सुईवर विश्वास ठेवा एवढंच सांगण्यात गेली. मागच्या पावसाळ्यात रिटायर झालो. आता घरी बसून जुना लेथ घ्यायचा आणि आबांच्या खोलीत बसवायचा, एवढंच मनात होतं.

बायकोला हे मुळीच पटलेलं नाही. "लोकं रिटायर झाली की देवाधर्माला लागतात," ती म्हणाली. "आमच्यात लोखंडाला लागणार. व्हय, आणा. माझ्या कुंड्या तेवढ्या कुठं ठेवायच्या ते सांगून जावा."

कुंड्यांचा विषय असा. आबांचा लेथ गेला, पण ज्या चार बोल्टांवर तो बसवला होता ते बोल्ट काँक्रीटमध्ये तसेच उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागायची, म्हणून बायकोनं त्या चारांवर चार रिकाम्या कुंड्या पालथ्या घातल्या. त्याला आता इतकी वर्षं झाली, की खोलीत त्या कुंड्या का आहेत हे घरात कुणी विचारत नाही. मलाच तेवढं माहीत असतं की खाली काय आहे.

संकेश्वरला मालकाचं घर शोधायला वेळ लागला नाही. हायवे सोडून आत वळलं की उसाचे ट्रॅक्टर जातात तो रस्ता, आणि त्या रस्त्याला पाठ करून एक बैठं घर, मागं पत्र्याची शेड. सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे गृहस्थ बाहेर आले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला स्पष्ट दिसत होता.

"बर्री, बर्री सर, या," ते म्हणाले. "फोनवर तुमीच न्हवं? बसा. आधी चा घ्यायचा, मग मशीन."

मला एकदम हसू आलं. हा नियम फक्त आमच्या आबांचा आहे असं मला उगाच वाटत होतं. गावातली माणसं त्यांना आप्पा म्हणायची, मीही आप्पाच म्हणू लागलो. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, चहा आणला. चहा इतका गोड, की साखर कारखाना जवळ असल्याचं वेगळं सांगायला नको. मशीनवर कोण उभं राहत होतं, हे मी विचारलं.

"मीच की," आप्पा म्हणाले. "अडतीस वर्षं. दुसऱ्या कुनाचा हात लागू दिला न्हाय. आता डोळा गेला, गुडघं गेलं. पोरगं तिकडं बेंगळूरला हाय, त्याला हे नको. पर मशीन सांगतो सर, लई सरळ. अडतीस वर्षांत माझा एक जॉब परत आला न्हाय."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी कप बशीत ठेवला. हेच वाक्य, याच शब्दांत, मी आणखी एका माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. ते ऐकून मी काय उत्तर दिलं होतं, तेही मला आठवत होतं.

आप्पांनी शेडचं दार सरकवलं आणि आधी वास आला. कापताना टूलवर सोडायचं ते दुधासारखं तेलपाणी, त्यात मुरलेला गरम लोखंडाचा वास, जुन्या पट्ट्याच्या रबराचा वास, आणि कोपऱ्यात कुठंतरी रॉकेल. मी दारातच थांबलो. वय साठ, पिशवीत डायल गेज, आणि मला क्षणभर वाटलं की आता आतून आई ओरडणार, "चपला झटकून ये रं घरात!"

आमच्या घरात चपला झटकणं हा देवपूजेइतका मोठा विधी होता. लेथवर लोखंड सोललं की त्याची बर पडते, निळसर, कुरळी, हातात घ्यावीशी वाटणारी आणि घेतली की बोट कापणारी. ती आबांच्या चपलांच्या तळाला रुतून घरात यायची. अंथरुणात सापडायची, पाटावर सापडायची. आई म्हणायची, "या घरात तांदळात खडं कमी आन् बर जास्त." आम्ही मुलं लांब न तुटलेली बर निवडून ठेवायचो. कुणाची बर जास्त लांब यावर पैजा लागायच्या. जिंकलेली बर खिळ्याला टांगून ठेवली की आठ दिवसांत तिचा निळा रंग उडायचा आणि ती साधी तांबूस तार व्हायची.

आमचं वर्ष लेथवर येणाऱ्या कामावरून कळायचं. दिवाळी झाली की गुऱ्हाळवाले यायचे. त्यांच्या चरकाचे जाडजूड शाफ्ट बैलगाडीत घालून आणायचे आणि सोबत काकवीचा तांब्या. मग तंबाखूचा हंगाम. वखारींतून तंबाखूची बारीक धूळ उडायची आणि सगळ्या गावाच्या नाकात बसायची. निपाणीत पाहुणा आला की आधी शिंकायचा, मग बोलायचा. त्या दिवसांत आबांच्या तेलपाण्याच्या डब्यावर तंबाखूची साय धरायची आणि खोलीत असा काही वास दाटायचा, की त्याला मी आजपर्यंत नाव देऊ शकलेलो नाही. उन्हाळ्यात रसवंतीवाले, पावसाच्या तोंडावर विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट. भर पावसात काम कमी असायचं. तेव्हा आबा मशीनला ग्रीस चोळत बसायचे, आई आमच्या डोक्याला तेल चोळायची.

मशीनला रुंद पट्टा होता. त्याचा पितळी सांधा पुलीवरून जाताना दर फेऱ्याला एकदा टक् वाजायचा. दुपारी जेवण झालं की त्या टक्-टक् मध्येच मला झोप लागायची. आबा जॉब बदलायला थांबले की आवाज थांबायचा आणि मी जागा व्हायचो. शांततेनं जाग येणारं दुसरं पोरगं त्या गल्लीत नसेल.

खंडेनवमीला मशीन बंद. आदल्या दिवशी आबा ती पुसून लख्ख करायचे, झेंडूच्या माळा घालायचे, समोर कोहळा फोडायचे. एका वर्षी आईनं मोठ्या भक्तीनं हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि मशीनच्या बेडवर, म्हणजे ज्या दोन गुळगुळीत पट्ट्यांवरून टूल मागंपुढं सरकतं त्यांच्यावर, पाच बोटं ओढली. बाकी कुठंही ओढली असती तर चाललं असतं. दसऱ्याला सोनं वाटून आबा खोलीत आले, तोवर ओल्या कुंकवाखाली लोखंडाला गंज चढला होता. पाच बोटांचे पाच तांबडे डाग. आई रडायलाच लागली. आबा बारीक पॉलिश पेपर घेऊन खाली बसले, तासभर घासत राहिले, आणि मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लक्ष्मीची बोटं हाईत." डाग फिके झाले, पण गेले नाहीत. टूल त्यांच्यावरून वर्षानुवर्षं ये-जा करत राहिलं.

मी आप्पांच्या मशीनजवळ गेलो आणि पहिल्यांदा जमीन बघितली. लेथसमोर लाकडाची फळी होती, आणि तिच्यावर दोन तळव्यांचे दोन खळगे. डावा खोल, उजवा उथळ. माणूस कुठल्या पायावर भार देऊन उभा राहिला ते लाकडानं लिहून ठेवलं होतं. मशीनला नवा रंग नव्हता, हे बरं वाटलं. विकायची मशीन रंगवून चकचकीत केलेली दिसली की आबा म्हणायचे, वरून कीर्तन, आतून तमाशा. इथं जो काही तमाशा असेल तो उघड्यावर होता. हळदकुंकू होतं, पण ते वर, गिअरच्या पेटीवर चिकटवलेल्या कागदाच्या चिठोऱ्यावर.

"कागदावर का हो आक्का?" मी विचारलं.

आक्का दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या. "पयल्या वर्षी मी खालच्या पट्टीवर लावलतं. गंज चढला. हे दोन दिवस जेवलं न्हाईत बघा."

"एकच दिवस," आप्पा म्हणाले.

"दोन. मी सैपाक केलता, मला म्हाईत."

मी पिशवीत हात घातला. डायल गेजचं थंड लोखंड बोटांना लागलं. बेडवर बसवायचं, चकाच्या दिशेनं सरकवत न्यायचं आणि सुई बघायची, पाच मिनिटांचं काम. कुठलाही लेथ चकाजवळ जास्त झिजतो, कारण सगळी कामं तिथंच होतात. चक म्हणजे जॉब धरून फिरवणारा जबडा. त्याच्यालगतची वीतभर जागा हा प्रत्येक जुन्या लेथचा मर्मभाग. तिथं बेड झिजला की टूल जरासं मागं राहतं आणि जॉब त्या टोकाला जाड उतरतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं. तरीही त्या पिशवीतला हात माझ्यानं बाहेर काढवेना, कारण हेच गेज मी एकदा आबांच्या मशीनवर लावलं होतं.

तेव्हा मी तेहतीस वर्षांचा. बेळगावच्या एका कारखान्यात टर्नर होतो, नव्या मशीनवर काम करायचो आणि त्याचा मला तोरा होता. आबांची डावी बाजू गेली म्हणून निपाणीला परत आलो. त्यांची कॉट आम्ही मधल्या खोलीत ठेवली. दार उघडं ठेवलं की त्यांना लेथ दिसायचा. उजवा हात चांगला होता, पण पडून असताना त्यांचा उजवा अंगठा चादरीवर मधूनच थरथरायचा. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा, म्हणून आई रोज तो अंगठा चोळायची. आम्हाला भीती, की दुखणं आता त्या बाजूलाही उतरतंय.

मी लेथ चालवू लागलो आणि जॉब परत येऊ लागले. एक पंपाचा शाफ्ट, मग गुऱ्हाळाचा, मग आणखी एक. सगळ्यांची तक्रार एक, एका टोकाला जाड. गिऱ्हाइकं तोंडावर बोलायची नाहीत, आबांची चौकशी करायची आणि जाताना म्हणायची, "आबांच्या हातचं न्हाय बघा." मला ते लागलं. एक दिवस मी गेज आणलं, बेडवर लावलं, चकाकडं सरकवलं. वीतभर अंतर राहिलं आणि सुई पळाली. मी जिंकल्यासारखा कॉटकडं वळलो आणि म्हणालो, "बघा आबा. तीस वर्षं तुम्ही वाकड्या मशीनवर काम केलं."

आबांचा आवाज तेव्हा नीट निघत नव्हता. तरी ते म्हणाले, "न्हाय रं. माझा एक जॉब परत आला न्हाय."

"तेव्हा मापत कोण होतं?" मी म्हणालो.

आबांनी तोंड भिंतीकडं केलं. वर्षभरात मी मशीन भंगारात दिली. ट्रकमध्ये चढवताना बेडवर आईची पाच बोटं उन्हात दिसली, मी मान फिरवली. आबा त्यानंतर दोन वर्षं होते. मशीनचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. मशीन गेली त्याच साली मला आयटीआयची नोकरी लागली होती. मापाशिवाय बोलू नका, असं मी मुलांना सव्वीस वर्षं सांगत राहिलो. मशीन जर वाकडी होती, तर आबांचे जॉब सरळ कसे उतरत होते, हा साधा प्रश्न मात्र मला एकदाही पडला नाही.

"सर, बघताय काय नुसतं?" आप्पा म्हणाले. "चालवूनच दावतो की. नोडरी, बघून घ्या."

त्यांनी दीड हात लांबीचा सळईचा तुकडा चकात धरला. एका डोळ्यानं दिसत होतं, पण हात सगळं आपणहून करत होते. पाय फळीवरच्या खळग्यांत बसले. मोटार सुरू झाली, पट्टा फिरला आणि सांधा वाजला. टक्. टक्. त्या आवाजानं झोप यावी, अशी एक जागा माझ्यात अजून शिल्लक आहे हे मला तेव्हा कळलं.

टूल लांबच्या टोकापासून चकाकडं सरकू लागलं. निळी बर सुटली, वळत वळत खाली पडली. आप्पांचा डावा हात मोठ्या चाकावर, उजवा छोट्या हँडलवर नुसता ठेवलेला. कापण्याचा आवाज एकसारखा होता. टूल चकापासून वीतभर राहिलं तेव्हा तो आवाज किंचित मऊ पडला, आणि आप्पांचा उजवा अंगठा हलला.

हलला म्हणजे किती? दिवाळीत ओवाळून झालं की आई कपाळाला अंगठ्यानं टिळा ओढायची, तितका. हँडल फिरलं असंही म्हणता येणार नाही. टूल केसभर पुढं सरलं असेल. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि कापणं चकापाशी येऊन संपलं.

हा अंगठा मी पाहिला होता. सहासात वर्षांचा असताना रोज पाहत होतो. टूल चकाजवळ आलं की आबा जीभ दातात धरायचे आणि त्यांचा अंगठा असाच हलायचा. मी एकदा विचारलंही होतं, "आबा, तुम्ही मशीनला टिळा लावताय काय?" आबांनी आपल्या हाताकडं बघितलं होतं आणि खरोखर गोंधळून म्हटलं होतं, "कुठं रं?"

आप्पांनी मशीन थांबवली. मी मायक्रोमीटर काढला. या टोकाला, मध्ये, चकाजवळ. तिन्ही ठिकाणी माप एकच.

"हाय का न्हाय सरळ?" आप्पा म्हणाले.

"हाय," मी म्हणालो. "आता मी एकदा चालवू?"

विचारायला नको होतं, असं आता वाटतं. पण वीतभर जागा तिथं समोर होती आणि तिची खात्री केल्याशिवाय माझ्यानं राहवलं नसतं. मी फळीवर उभा राहिलो. आप्पांच्या खळग्यांत माझे पाय बसले नाहीत, माझा भार दुसऱ्या पायावर. तसाच तुकडा, तसंच टूल. सरकवत नेलं. आवाज मऊ पडला तेव्हा मला ऐकू आला, पण माझा अंगठा हलला नाही. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

मी मायक्रोमीटर लावायच्या आधी आप्पा पुढं आले. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण जुन्या टर्नरांचं ते दोन वाकड्या पायांचं कॅलिपर त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते जॉबवर ठेवलं आणि हलकेच सरकवलं. कॅलिपर सळसळत गेलं, गेलं, आणि चकापासून वीतभर अंतरावर अडकलं. त्यांनी पुन्हा सरकवलं. पुन्हा तिथंच अडकलं.

"हितं जाड हाय," ते म्हणाले. मग त्यांनी बेडवर तळवा ठेवला आणि झिजलेल्या जागेवरून बोटं मागंपुढं फिरवली. "बेड गेलाय व्हय सर? माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय? म्हंजी ही अडतीस वर्षं मी..."

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तसंच. अगदी तसंच वळवलं. माझ्या पिशवीत गेज होतं आणि पुढचं वाक्य मला पाठ होतं. आक्का दारातून माझ्याकडं बघत होत्या. आता हा निपाणीचा सर काय बोलतो त्यावर त्यांच्या घरातली अडतीस वर्षं टांगलेली आहेत, हे त्यांना मशीनमधलं काही न कळताही कळलं होतं.

मी पिशवी बंद केली आणि टेबलाखाली सरकवली.

"आप्पा," मी म्हणालो, "अडतीस वर्षं तुम्ही वाकड्या मशीनवर सरळ काम केलं."

एकच शब्द जास्तीचा. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या वाक्यात तो घातला असता, तर माझं काय जाणार होतं?

आप्पा वळले. त्यांना कळलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा फळीवर उभं केलं, नवा तुकडा लावायला सांगितला आणि म्हणालो, "टूलकडं बघू नका. तुमच्या अंगठ्याकडं बघा." मशीन सुरू झाली. टूल सरकत आलं. वीतभर राहिलं. अंगठा हलला. आप्पांनी तो हलताना बघितला आणि इतके दचकले, की हँडलवरचा हातच काढून घेतला.

"ह्यो कवापासनं करतोय असं?" ते म्हणाले, जणू अंगठा शेजाऱ्याचा आहे. मग हसू लागले. हसताना पिकलेल्या डोळ्यातून पाणी आलं. त्यांनी तो अंगठा धोतरानं पुसला आणि उजेडात धरून वर-खाली बघितला. "बघ की गं," ते आक्कांना म्हणाले, "हेनं मला फशिवलं."

"फशिवलं कशाला म्हंता, संभाळलं म्हना," मी म्हणालो. "मशीन मी घेतो आप्पा. पण एकट्या मशीनचं मला काही काम नाही. हा अंगठा मला शिकवायचा. इथंच, चार दिवस. मी रोज येतो निपाणीहून."

"शिकवू कसं? मला तरी कुठं म्हाईत हाय, कवा हलवायचा ते," आप्पा म्हणाले. 'सर' आता त्यांच्या तोंडून गेलं होतं. "हिकडं ये. हात दे. माझ्या हाताखाली ठेव तुजा, आन् गप उभा ऱ्हा. कान तेवढा उघडा ठेव. डोळ्याचं काम न्हाय रं हे. आवाज मऊ पडला की त्यो आपसूक हलतोय."

मी हँडलवर हात ठेवला आणि त्यांनी माझ्या हातावर आपला. खरखरीत, तेलकट, हलका हात. पट्ट्याचा सांधा वाजू लागला.

"त्यो अंगठा व्हय?" आक्का दारातून म्हणाल्या. इतका वेळ त्या त्याच विचारात असाव्यात. "मी रोज बघती की. दुपारी हे कॉटवर पडल्यात, तिकडं कुनाच्या तरी शेडात मशीन चालू असती, तिचा आवाज आला की ह्यांचा अंगठा चादरीवर हलतोय. मला वाटायचं, वय झालं. थरथरतोय."

मी हँडलवरचा हात काढला आणि शेडमधल्या लोखंडी स्टुलावर बसलो.

आईनं रोज तेल लावून चोळलेला तो अंगठा. मधल्या खोलीचं दार उघडं. इकडं मी आबांच्या मशीनवर, त्यांच्याकडं पाठ करून, रागानं जॉब कापतोय. टूल चकाजवळ येतंय, आवाज मऊ पडतोय, आणि तिकडं कॉटवर, अर्ध्या गेलेल्या अंगानं, माझे आबा चादरीवर अंगठा हलवून माझा जॉब सरळ करतायत. प्रत्येक वेळी. वर्षभर. आणि तो माझ्यापर्यंत पोचत नाही.

आप्पांनी मशीन बंद केली. "काय झालं रं?" ते म्हणाले.

"काय न्हाय आप्पा," मी म्हणालो. "परत चालू करा. आता मी ऐकतो."